भागीरथाबाईंच्या नावाचे पुडे

कोसमटोला, ता. धानोरा
बुधवार, २१ मे २०२५, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

अश्वजितभाऊ, जय भीम.

फळीवर सुकायला घातलेले तेंदूपानांचे पुडे उलटवून मी आत्ताच घरी आलो आणि हात धुऊन लिहायला बसलो. फळी म्हणजे आमच्या गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथे संध्याकाळी बाया आपापले पुडे ओळीत लावतात आणि मोजणी होते, त्यावरच मजुरी मिळते.

तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलं आहे. मेलला उत्तर येत नाही. चंद्रपूरच्या ऑफिसला कुलूप आहे, आणि तुम्ही आता नागभीडला घरूनच काम करता, असं खालच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. म्हणून हे पत्र. पिन कोड दोनदा तपासला आहे.

कामाचं आधी लिहितो. हैदराबादच्या एका कंपनीने मला ब्लॉकचेन डेव्हलपर म्हणून घेतलं आहे. सोमवारी, ९ जूनला रुजू व्हायचं आहे. माझ्याकडे बारावीची मार्कशीट आणि अर्धवट सोडलेला डिप्लोमा एवढंच असल्याने त्यांना अनुभवाचं पत्र हवं आहे. तुमच्याकडे मी दोन वर्षं चार महिने बॅकएंडचं काम केलं, एवढं लेटरहेडवर लिहून दिलंत तर उपकार होतील. फेब्रुवारीत मी न सांगता निघून गेलो. मागायचा हक्क नाही हे मला कळतं. तरी मागतो.

ग्रामसभेचं तेंदूमोजणीचं काम माझ्याकडे कसं आलं ते तुम्हाला माहीत असेलच. ते काम चांगलं झालं. गावातल्या चौसष्ट घरांना मी एकेक कार्ड करून दिलं, त्यावर स्कॅन करायचा चौकोन. बाई आपले पुडे लावते, पुनम तिचं कार्ड स्कॅन करून आकडा टाकते, आणि तो आकडा त्याच क्षणी ब्लॉकचेनच्या साखळीवर, म्हणजे अशा वहीत जातो जिच्या हजारो प्रती जगभरच्या कॉम्प्युटरवर आहेत. (पुनम आमच्या शेजारची सून, बी. ए. झालेली.) एका प्रतीत कोणी फेरफार केला तर बाकीच्या प्रती त्याला खोटं ठरवतात. ६ ते १६ मे, अकरा दिवस, एकही दुरुस्ती नाही. हैदराबादच्या साहेबांनी मुलाखतीत हाच आकडा दोनदा विचारला.

तुम्ही नेहमी विचारायचात की मला बॅकएंडमध्ये काय कमी पडतं. मी कधी नीट सांगितलं नाही. मूलच्या राईस मिलचं आठवतं का? त्यांच्या कारकुनाने चारशे क्विंटलचे चार हजार केले होते. तुम्ही चहा पिता पिता मागच्या मागे डेटाबेसमध्ये शिरून ते दुरुस्त केलं. दोन मिनिटं लागली. मिलवाल्याला आजही माहीत नाही. तुम्ही मला म्हणालात, डेटा हाताने दुरुस्त करायची एक वाट नेहमी ठेवत जा. मी मान हलवली, पण त्या दिवशी मला भीती वाटली. दोन मिनिटांत, कोणालाही न कळता. त्यानंतर मी मोबाईलवर ब्लॉकचेनचे व्हिडिओ बघू लागलो. इंग्रजी शब्द वहीत उतरवून त्यांचे अर्थ शोधायचे, आणि खोट्या नाण्यांच्या सरावाच्या साखळीवर प्रोग्राम चालवून बघायचे. तुमच्या ऑफिसच्या वेळेत कधीच नाही, एवढं खरं मानावं.

पत्राची वाट बघतो.

आपला,
आदेश

*

कोसमटोला
मंगळवार, २७ मे, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

अश्वजितभाऊ,

पत्र पोचलं का? स्पीड पोस्टच्या पावतीवरचा नंबर टाकला तर शुक्रवारी पोचलं असं दाखवतं. सही तुमच्या आई अंजनाबाईंची आहे. तुम्ही गावाला गेला असाल, असं धरून पुन्हा लिहितो.

इथे एक छोटी गोष्ट झाली आहे. म्हणजे छोटी आहे की मोठी ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

आमच्याकडे हंगामात एखाद्या घरी आजारपण आलं, बाळंतपण निघालं, मयत झाली, तर त्या घरचं माणूस जंगलात जाऊ शकत नाही. मग शेजारच्या बाया आपल्या पुड्यांबरोबर दहा-वीस पुडे त्या घरासाठीही बांधतात. मोजणीच्या वेळी ते सगळे लावणारीच्याच नावावर लिहिले जातात. शेवटच्या दिवशी, पुडे पोत्यांत भरण्याआधी, सगळे फळीवर बसतात. एकेक बाई सांगते, माह्यातले तीस अमकीच्या नावावर. मग दिवाणजी वहीत इकडचं खोडतो आणि तिकडे लिहितो. या रीतीला काही नाव नाही. नाव फिरवायचं, एवढंच म्हणतात.

बावीस वर्षं हे दिवाणजी म्हणजे माझे बाबा. वही शिसपेन्सिलीने लिहायचे. यंदा माझ्यामुळे त्यांनी वही विकत घेतलीच नाही.

यंदा ते घर भागीरथाबाईंचं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी पानांचं ओझं घेऊन नाला उतरताना त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. विधवा बाई, घरात एकट्या. लेक त्यांना गडचिरोलीला दवाखान्यात घेऊन गेली, आणि कार्ड त्यांच्या पिशवीतच राहिलं. शुक्रवारी, २३ तारखेला, सगळे फळीवर बसले तेव्हा एकोणीस बायांनी आपापले आकडे सांगितले. बेरीज एक हजार दोनशे तीस. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या प्रोग्राममध्ये नाव फिरवायची सोयच नाही. आकडा एकदा गेला की गेला. साखळीवर भागीरथाबाईंच्या नावाने पहिल्या दिवसाचे एकशे चाळीस आहेत, पुढे दहा दिवस शून्य. हे आधी कोणी मला सांगितलं असतं तर सोय केली असती. कोणी सांगितलं नाही.

आता मुख्य अडचण. एक वाट आहे. तुमची शिकवण अंगात इतकी मुरली आहे की प्रोग्राम लिहिताना मी एक चावी ठेवली. आकड्यांची एक लांब ओळ, फक्त माझ्याकडे. तिने नोंद बदलता येते. पण १९ तारखेला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुम्ही स्वतः तरी यात बदल करू शकता का? मी म्हटलं, नाही, चावी मी फेकून दिली. त्यांनी तपासलं नाही. तपासायचं तर पाच मिनिटांचं काम. पण अकरा दिवसांत एकही दुरुस्ती नव्हती, म्हणून त्यांचा विश्वास बसला असावा.

रुजू होण्याच्या दिवशी ते माझा सगळा कोड तपासणार आहेत. त्याआधी मी एक कमांड चालवली तर चावी खरोखर नष्ट होते. मग माझं बोलणं खरं ठरतं, आणि भागीरथाबाईंचे पुडे कायमचे दुसऱ्यांच्या नावावर राहतात. उलट चावी वापरली, तर वापरल्याची तारीख आणि वेळ साखळीवर उमटते. १९ मेच्या नंतरची. ती मलाही पुसता येत नाही.

तुम्ही काय केलं असतं?

आदेश

ता. क. अनुभवाच्या पत्राचं राहू द्या असं मी म्हणत नाही. जमलं तर पाठवाच.

*

कोसमटोला
सोमवार, २ जून, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे

अश्वजितभाऊ,

काल बाबांच्या फोनवरून तुमच्या घरचा नंबर लावला. अंजनाबाईंनी उचलला. मी आवाज बदलणार होतो, पण तेवढं धाडस झालं नाही. त्या म्हणाल्या, "पत्र आले बाबू तुहे. थो वाचते. दोनदा वाचते अन् पेटीत ठेवते. बोलत मात्र नाई." मग तब्येत विचारून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे तुम्ही वाचता आहात. तर मग खरं लिहायला हवं.

ग्रामसभेचं काम माझ्याकडे आपोआप आलं नाही. अध्यक्ष डोमाजी जानेवारीत तुमच्याकडे आले, तुम्ही त्यांना साधा डेटाबेस आणि त्याचा खर्च सांगितला. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो आणि तिथे म्हणालो, मी फुकट करून देतो, यापेक्षा चांगलं, कोणालाच खाडाखोड करता येणार नाही असं. मला दाखवायला एक खरं काम हवं होतं. त्याशिवाय या धंद्यात बारावीवाल्याला कोणी दारात उभं करत नाही. पंधरा दिवसांनी मी निघालो.

आणि दुसरं. कोणी सांगितलं नाही असं मी लिहिलं होतं. पुनमने सांगितलं होतं. तिसऱ्याच संध्याकाळी, मोजणी चालू असताना ती म्हणाली की लक्ष्मीकाकूंच्या ओळीतले चाळीस भागीरथाबाईंचे आहेत, ते वेगळे टाकायची काही सोय आहे का? सोय करायला मला एक दिवस लागला असता. पण मध्येच प्रोग्राम बदलला तर तेही साखळीवर दिसतं, आणि मला हैदराबादला सलग अकरा दिवस दाखवायचे होते. मी तिला म्हटलं, शेवटी बघू. मी विसरलो नव्हतो. रोज संध्याकाळी आठवत होतं.

परवा भागीरथाबाई आमच्या घरी आल्या. हात गळ्यात बांधलेला. त्याआधी बायांनी ठरवलं होतं की मजुरी बँकेत आली की आपापल्या हिश्श्याने त्यांच्या हातात नगद द्यायची. मला हे ऐकून किती हायसं वाटलं म्हणून सांगू. प्रश्न सुटला, चावी फेकायला मोकळा. मी बाईंना पाटावर बसवून हे सगळं समजावलं. पैसे पूर्ण मिळतील, पुड्यांवर मिळणारा दिवाळीचा बोनसही बाया देतील, फक्त कॉम्प्युटरवर नाव राहणार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी मांगाले नाई आली, आदेश."

मी म्हटलं, मागायचा प्रश्न नाही, त्या स्वखुशीने देताहेत.

"तेच त. नावावर लिवलं असतं त थे माहं असतं. आता घरोघरी हात पसरून फिरू का? मागच्या साली डोमाच्या बायकोसाठी म्या साठ पुडे बांधले. तुह्या बापानं तिच्या नावावर लिवले. तिनं कोणाचे पाय धरले का?" चहा न पिता त्या उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "तुहं मशीन खोटं नाई बोलत म्हणते न सारे. मंग माहं नाव कुठी गेलं?"

बाबा ओसरीवर विळ्याला धार लावत होते.

डोमाजींनी मजुरीचा चेक १० तारखेपर्यंत थांबवला आहे. त्यानंतर साखळीवर जसं आहे तसं वाटप होणार. माझी गाडी ७ तारखेची आहे. आज २ आहे. मी दिवसातून आठ-दहा वेळा लॅपटॉप उघडतो, चावी जागेवर आहे ना बघतो आणि बंद करतो.

आदेश

*

बल्लारशा स्टेशन, फलाट क्रमांक दोन
शनिवार, ७ जून, दुपारी २ वाजून २५ मिनिटे

अश्वजितभाऊ,

गाडीला पन्नास मिनिटं आहेत. लॅपटॉप मांडीवर आहे, त्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहितो आहे.

पत्र येणार नाही हे मी धरून चाललो आहे. कंपनीने कळवलं आहे की अनुभवाचं पत्र महिनाभरात दिलं तरी चालेल. तेव्हा तेही कारण उरलं नाही. तरी तुम्हालाच लिहितो आहे.

सकाळी बाबा एसटीपर्यंत बॅग घेऊन आले. वाटेत मी त्यांना चावीचं सगळं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण तेवढ्यावर त्यांना समजलं. मी म्हटलं, बाबा, खोडता येतं म्हणूनच वही वाईट, कोणीही काहीही खोडेल, म्हणून मी हे केलं. मिलची गोष्टही सांगितली. त्यांनी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. एसटी दिसल्यावर म्हणाले, "बावीस साल मी खोडत आलो गा. पण सारे समोर बसले असत तवाच खोडलो. घरी नेऊन एक डाव बी नाई." मग बॅग वर चढवून दिली आणि सावकाश जा म्हणाले. थांब म्हणाले नाहीत. थांब म्हणाले असते तर मी भांडलो असतो आणि गेलो असतो. ते सोपं होतं.

गडचिरोली, मूल, चंद्रपूर, तिथून इथे. साडेपाच तासांत मला एकच गोष्ट छळते आहे. मला मिलवाल्याच्या वेळी भीती कशाची वाटली होती? नोंद बदलली याची, की मिलवाल्याला कळलं नाही याची? दोन वर्षं मी पहिलंच धरून बसलो होतो. नोंद बदलताच येऊ नये, असं. बाबांच्या वहीत दर वर्षी शंभर ठिकाणी खोडलेलं असायचं आणि बावीस वर्षांत कोणी भांडायला आलं नाही. मला ती वही लहानपणी घाण दिसायची.

आणि मी काय केलं? मी स्वतःच चोरून एक चावी ठेवली, आणि ठेवली नाही असं सांगितलं. म्हणजे माझी वही तुमच्या डेटाबेसपेक्षा वाईट. तुम्ही निदान कोणाला म्हणाला नव्हता की मला शिरता येत नाही.

कमांड टाइप करून ठेवली आहे. फक्त एंटर. चावी जाईल, नोकरी राहील. पंधरा मिनिटं झाली. समोर एक कुटुंब डबा उघडून बसलं आहे, त्यांनी मला दोनदा या म्हटलं. मी दिसतो तरी कसा कोण जाणे.

गाडीची घोषणा झाली. वीस मिनिटं उशिरा.

२ वाजून ५८ मिनिटे. टाइप केलेलं पुसलं. पुन्हा टाइप केलं.

३ वाजून २० मिनिटे. पुसलं. लॅपटॉप बॅगेत ठेवला. मी तिकीट रद्द होतं का ते बघायला खिडकीकडे जातो आहे. हे पत्र इथल्याच पेटीत टाकतो, म्हणजे घरी जाऊन फाडता येणार नाही.

आदेश

*

कोसमटोला
बुधवार, ११ जून, सकाळी ८ वाजता

अश्वजितभाऊ,

शेवटचं पत्र अर्धवट राहिलं होतं. झालं ते क्रमाने लिहितो.

रविवारी डोमाजींना भेटून ग्रामसभा मागितली. ते चिडले. म्हणाले, हेच करायचं होतं तर पेन्सिल काय वाईट होती? मी म्हटलं, वाईट नव्हती. त्यांना वाटलं मी टोमणा मारतो आहे.

सोमवारी सकाळी, ज्या वेळी मी हैदराबादला हजर असायला हवा होतो, तेव्हा समाजमंदिरात सगळे बसले. मी उभा राहून तीन गोष्टी सांगितल्या. पुनमने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं आणि मी टाळलं. बदल करायची चावी माझ्याकडे आहे आणि ती मी सगळ्यांपासून लपवली. आज ती तुमच्यासमोर वापरतो. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस चावी तुह्या खिशात, अन् कुलूप आमच्या तोंडाले." सगळे हसले. मी हसलो नाही, पण नंतर पाणी पिताना हसू आलं.

पुनमने प्रोजेक्टरने लॅपटॉपचा पडदा भिंतीवर दाखवला. एकोणीस बायांनी एकेक करून आकडे सांगितले. लक्ष्मीकाकू म्हणाल्या तीनशे दहा. मी टाकणार तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, त्या दिवशी दोनशे नव्वद सांगितले होते. काकूंनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, बरोबर, वीस माझ्या लेकीच्या ओळीतले. त्या वीसची वेगळी नोंद केली. बाबांना सगळे आकडे पाठ होते. बेरीज एक हजार दोनशे तीसच आली. मी प्रत्येक नोंदीपुढे कोणी सांगितलं, कोणासमोर, आणि दुरुस्ती का, ते लिहिलं. कारण म्हणून लिहिलं: आदेश रामाजी याची चूक. ते आता हजारो कॉम्प्युटरवर आहे आणि मी मेल्यावरही राहील.

भागीरथाबाईंना पडद्यावर त्यांचं नाव दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. पुनमने आकडा वाचून दाखवला, तर म्हणाल्या, पहिल्या दिवसाचे एकशे चाळीस धरले का? धरले होते. मग त्या गेल्या. मला काही बोलल्या नाहीत. मीही अपेक्षा ठेवली नव्हती असं लिहिणार होतो, पण ठेवली होती.

त्यानंतर मी कंपनीला सगळं लिहून कळवलं, तारीख आणि वेळेसकट. काल संध्याकाळी त्या साहेबांचा फोन आला. शांतपणे बोलले. दुरुस्तीचं त्यांना काही वाटलं नाही, तशी सोय ठेवायला हवीच म्हणाले. मुलाखतीत खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हातात दुसऱ्यांच्या चाव्या देता येत नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ते एकोणीस आकडे खरे कशावरून? मी म्हटलं, एकमेकींसमोर बसून सांगितले. ते म्हणाले, हे कोडमध्ये कसं लिहाल? कालपासून तेच डोक्यात आहे. आज पहाटे फळीवर नुसताच जाऊन आलो, तिथे एक सुचलं. शेवटच्या बैठकीपर्यंत नोंद उघडी ठेवायची, आणि चावी एकाच्या हातात न ठेवता पाच जणींत वाटायची, तिघींनी मिळून लावली तरच चालेल अशी. अशा चाव्या करता येतात, मी वाचलं आहे. त्या करायला शिकायचं आहे. हे काम मी सोडणार नाही. कुठे करणार ते मात्र माहीत नाही.

अनुभवाचं पत्र आता पाठवू नका. द्यायचंच झालं तर त्यात फेब्रुवारीचंही लिहा. ते गाळलेलं मला वापरता येणार नाही.

तुमच्याकडे नियम होता की काम संपलं की खर्चाचा कागद द्यायचा. या कामाचा मी कोणालाच दिलेला नाही. तो खाली देतो.

झालेला खर्च
चौसष्ट कार्डं, छपाई आणि लॅमिनेशन: १,२८०
साखळीवरच्या नोंदींची फी, दुरुस्त्यांसह: ३४७
हैदराबादचं तिकीट, वाया गेलेलं: १२०
एसटी, जाऊन-येऊन: ६१०
स्पीड पोस्ट, हे धरून चार पत्रं (बल्लारशाचं साधं तिकीट लावून टाकलं): १८९
एकूण: २,५४६

देणं
बाबांचे, लॅपटॉपसाठी: २२,०००
तुमचे, नोटीस न देता गेलो त्या महिन्याचा पगार: १४,०००
तुमचे, ग्रामसभेचं काम तुमच्या हातून काढून घेतलं त्याचे: आकडा तुम्ही सांगा
भागीरथाबाईंचे: काही नाही. सकाळी बँकेतून मेसेज आला, एक हजार तीनशे सत्तर पुड्यांचे त्यांच्या नावावर जमा झाले.

आदेश